लंकाबाईंच्या पेटीतलं यंत्र

सायली आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते. नऊ वर्षं झाली. अंबडच्या एका शेडमध्ये ती विजेच्या मीटरच्या सर्किटवर सोल्डरिंग करते. मी ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं इंजिन फिटर होतो. दुसऱ्याच्या हाताचं काम मी सहसा वाखाणत नाही. सायलीचं काम मी भिंग घेऊन पाहिलं आहे. त्यावर बोलायला जागा नाही.

ती मूळची येवल्याची. आई, लंकाबाई, पैठणी विणते. वडील लवकर गेले. सायलीने अभ्यास मागाच्या आवाजात केला आणि डिप्लोमा घेऊन ती नाशिकला आली. तिला एक सवय आहे. कुठलंही काम तीनदा जमल्याशिवाय ती 'झालं' म्हणत नाही. दोनदा जमलं तर वहीत लिहिते, 'दोनदा जमलं.'

दोन वर्षांपूर्वी लंकाबाईंना कोलकात्याच्या हातमाग प्रदर्शनात विणून दाखवायला बोलावलं होतं. त्यांनी लहान माग सुटा करून प्लायवूडच्या पेटीत भरला. ती पेटी विमानाच्या पोटात गेली आणि बाहेर आली नाही. सहाव्या दिवशी ती येवल्याला घरपोच आली. तोवर प्रदर्शन संपलं होतं. लंकाबाई पाच दिवस रिकाम्या स्टुलावर बसून लोकांना फोटो दाखवत होत्या.

"मी काय फोटो काढणारी हाय का?" एवढंच त्या घरी येऊन म्हणाल्या.

यंदा पुन्हा बोलावणं आलं. सोबत एक सभ्य ओळ होती, की माग वेळेत पोचणार नसेल तर आधी कळवावं, दुसऱ्या विणकराला बोलावता येईल. लंकाबाई म्हणाल्या, रेल्वेने जाते. त्यांच्या गुडघ्यांना दोन रात्रींची रेल्वे झेपणारी नव्हती. सायली म्हणाली, "विमानानेच जा. पेटी कुठे आहे ते मी तुला सांगेन. माझा शब्द."

शब्द दिला तेव्हा तिच्याकडे यंत्र नव्हतं. होती ती एक वही.

बाजारात अशी यंत्रं मिळतात. काही महाग आहेत. काहींना महागडा फोन लागतो, काहींना दर महिन्याला पैसे. लंकाबाईंनी आपली अट सांगितली होती. "चपलेच्या जोडापरीस महाग नको. येवल्याच्या विणणाऱ्या बाया घेणार नाय."

मग साबणाच्या वडीएवढा डबा, त्यात तीन पेन्सिल सेल, एक सिमकार्ड आणि हादरे ओळखणारी एक चकती एवढंच ठरलं. यंत्र जागं असलं की जवळचा मोबाईल टॉवर ओळखून मेसेज पाठवायचं. विमानात रेडिओ बंद हवा, म्हणून सलग दहा मिनिटं घरघर जाणवली की 'झोपलो' असा शेवटचा मेसेज पाठवून गप्प व्हायचं. घरघर थांबून दहा मिनिटं झाली की पुन्हा जागं. मेसेजच्या शेवटी सायलीने एक आकडा घातला होता. घरघरीचे सेकंदाला किती ठोके, तो.

तिला आणखी एक भाग हवा होता, हवेचा दाब मोजणारा. विमान वर गेलं की दाब बदलतो. घरघर आणि दाब, दोन्ही पटले तरच झोपायचं, असं तिचं म्हणणं होतं.

मी नको म्हणालो. "इंजिन चालू आहे की नाही ते माझ्या तळहाताला कळतं. तुझ्या चकतीलाही कळेल. उगाच किंमत वाढवू नकोस."

तिने माझं ऐकलं.

आम्ही चाचण्या घेतल्या. एसटीने येवला आणि परत, सात वेळा. धुण्याचं मशीन, पाण्याचा पंप. गल्लीच्या तोंडाशी भागीबाईंची पिठाची गिरणी आहे, तिच्या मोटरशेजारी यंत्र ठेवून आम्ही अर्धा तास उभे राहिलो. यंत्र झोपलं.

भागीबाई म्हणाल्या, "दळण आणत नाही, डबी घेऊन येता. यंत्राला बाळसं धरायचंय का?"

सायलीने वहीत लिहिलं, 'गिरणी. झोपतो. चोवीस.' मग माझ्याकडे पाहिलं. "काका, हे चूक आहे. गिरणी उडत नाही."

"पेटी कोण गिरणीवर ठेवणार आहे?" मी म्हणालो.

हे मी म्हणालो, ते इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

गुरुवारी सकाळी लंकाबाई ओझरहून निघाल्या. मधे एका शहरात विमान बदलायचं होतं. त्या शहराचं नाव लिहीत नाही. पेटीत एका कोपऱ्यात यंत्र होतं, माग होता, आणि मागावर अर्धवट विणलेला पदर. फणीच्या दातांतून साडेनऊशे रेशमी धागे एकेक करून ओवलेले होते. त्या ओवण्यालाच लंकाबाईंना अकरा दिवस लागले होते. शुक्रवारी सकाळी दहाला प्रदर्शन उघडणार होतं.

सायली कामावर होती. तिथे फोन कपाटात ठेवावा लागतो. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दीडला ती आमच्याकडे आली, तेव्हा मेसेज पाहून म्हणाली, "मधल्या विमानतळावर जागं झालं. मग झोपलं. म्हणजे पुढचं विमान निघालं."

दोन पन्नासला लंकाबाईंचा फोन आला. कोलकात्याहून.

"सायले, पट्टा फिरून थांबला. माझी पेटी नाय."

"नीट बघितलंस?"

"लाल फडकं बांधलंय मी तिला. न बघायला काय झालं? सांग आता, कुठं हाय ती?"

सायलीने फोनकडे पाहिलं. विमान उतरून अर्धा तास झाला होता. यंत्र जागं व्हायला हवं होतं. मेसेज नव्हता.

"शोधते, आई."

"शोधते म्हणजे? तू म्हणाली होती सांगते."

फोन ठेवून सायलीने वही उघडली. पान दोनदा चुकलं.

यंत्र मेलं असेल तर काहीच हाती नव्हतं. सेल सुटले असतील, डबा चेपला असेल. झोपलं असेल तर का झोपलं, हे कळायला हवं होतं. विमान कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, "मॅडम, सिस्टीममध्ये पेटी चढलेली दाखवते. कोलकात्यातच असेल. बाहत्तर तास वाट बघा." कोलकात्याच्या काउंटरवर लंकाबाईंनाही हेच सांगितलं. सव्वातीन वाजले. मधल्या विमानतळावरून कोलकात्याला जाणारं त्या दिवसाचं शेवटचं विमान सव्वासहाचं होतं. सामान पाचपर्यंत द्यायचं.

"काका, मेलं असेल तर माझं सोल्डरिंग गेलं," सायली म्हणाली.

"तुझं सोल्डरिंग जाणार नाही. झोपल्याचा मेसेज किती वाजताचा आहे?"

"दहा वीस."

"आणि पुढचं विमान?"

"पावणेबाराचं." जवळजवळ दीड तास आधी कुणी इंजिन सुरू करत नाही. तिने ते पाहिलं नव्हतं. मी तर विचारलंही नव्हतं.

"शेवटचा आकडा वाच."

"चोवीस."

"सकाळच्या विमानात किती होता?"

"एक्क्याऐंशी."

मी तिला पुन्हा वाचायला सांगितलं. चोवीसच होता. तिने वहीची मागची पानं उलटली आणि बोट ठेवलं. गिरणी. झोपतो. चोवीस.

गिरणीची मोटर मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे घेते. साठने भागलं की चोवीस. देशभरात पंप, पंखे, ब्लोअर याच वेगाच्या मोटरवर चालतात. विमानाच्या इंजिनात हा आकडा येत नाही. पेटी विमानात चढलीच नव्हती. ती त्याच विमानतळावर, जमिनीवर, एका चालू मोटरशेजारी पडली होती. दहा वाजल्यापासून मोटर थांबली नव्हती, म्हणून यंत्र गप्प होतं.

"दाबाचा भाग असता तर ते जागं राहिलं असतं," मी म्हणालो. "तो मी काढायला लावला."

"ते आत्ता नको, काका. कुठली मोटर, ते सांगा."

ते तिथलाच माणूस सांगू शकला असता.

तिने कंपनीला चार वेळा फोन केला. चौथ्या वेळी सामान विभागातला माणूस चिडला. "मोटरचं मला काय विचारता? मेंटेनन्सला विचारा." आणि पिच्छा सोडवायला त्याने तिथला नंबर दिला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिथे शिफ्टचा इलेक्ट्रिशियन फोनवर आला. सायलीने फोन माझ्याकडे दिला. आमचं बोलणं हिंदीत झालं. मी त्याला पेटीचं काही सांगितलं नाही. आधी विचारलं, "सामानाच्या पट्ट्याजवळ चौदाशे चाळीसच्या मोटरी किती?"

"पट्ट्याच्याच आठ. का?"

"त्या थांबतात?"

"सामान नसलं की थांबतात."

"न थांबणारी कुठली?"

तो म्हणाला, "खाली तळघरात हवा खेचणारा ब्लोअर आहे. तो चोवीस तास चालतो. तुम्ही कोण?"

"विमान कारखान्यातला इंजिन फिटर. रिटायर."

"मग इथे काय बिघडलंय?"

तेव्हा मी पेटीचं सांगितलं. ब्लोअर दहा मिनिटं बंद करता येईल का, असंही विचारलं. यंत्र जागं होऊन मेसेज आला असता.

"बंद केला तर माझी नोकरी बंद होईल," तो म्हणाला. "जाऊन बघतो. फोन ठेवा."

चार पंचवीस. सायली जिन्याच्या पायरीवर बसली. लंकाबाईंचा पुन्हा फोन आला. सायलीने उचलला. "आई, काउंटर सोडू नको. पेटी मागेच राहिली असं वाटतं."

"वाटतं? पक्कं सांग."

"पक्कं नाही."

"मग मी त्या प्रदर्शनाच्या बाईला काय सांगू? ती विचारतेय. येवल्याचा स्टॉल दुसऱ्याला द्यायचा का, पाचपर्यंत सांगा म्हणते."

सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. हलवायचा मला अधिकार नव्हता.

"देऊ नका म्हणून सांग," सायली म्हणाली.

चार अडतीसला इलेक्ट्रिशियनचा फोन आला. आवाजात मागे घरघर होती. तो ओरडून बोलत होता. वरचा पट्टा वळतो तिथून पेटी खाली पडली होती. ब्लोअरचा चौथरा आणि भिंत यांच्या मधे उभी अडकली होती. "लाल फडकं आहे का?"

"आहे," सायली म्हणाली. "दादा, ती आडवी ओढू नका. उभीच उचला. आत धागे आहेत."

"दोन माणसं बोलावलीत," तो म्हणाला.

चार चोपन्नला यंत्राचा मेसेज आला. 'जागा.' पाचला तीन मिनिटं असताना कंपनीच्या माणसाने पेटी घेतल्याचं कळवलं. आवाज आता मऊ होता. लंकाबाई रात्री साडेनऊला पेटी घेऊन विमानतळाबाहेर पडल्या. एका कोपऱ्याचं प्लायवूड फुटलं होतं. सत्तावीस धागे तुटले होते. त्यांनी ते पहाटे उठून सांधले आणि दहाला विणायला बसल्या.

रविवारी मी सायलीला म्हणालो, "चाललं तुझं यंत्र."

"चाललं नाही," ती म्हणाली. "यंत्र झोपलं होतं. शोधलं आपण. ज्या बाईच्या पेटीत हे जाईल, तिला घरमालक म्हणून इंजिन फिटर मिळणार नाही."

येवल्यातल्या बायांसाठी तिने छत्तीस यंत्रं तयार करून ठेवली होती. ती सगळी तिने उघडली. पुढचे सात रविवार आम्ही दोघं बसलो. ती सोल्डरचे जुने टाके सोडवून दाबाचा भाग बसवायची, मी डब्यांना हवेसाठी भोक पाडायचो. किंमत चपलेच्या जोडापुढे जाऊ नये म्हणून तिने यंत्राचा दिवा आणि बटण काढून टाकलं. बटण दाबलं की दिवा लागायचा, एवढाच त्यांचा उपयोग होता.

आठव्या रविवारी आम्ही यंत्र गिरणीवर नेलं. भागीबाईंनी मोटर चालू केली. अर्धा तास झाला. मेसेज आला, 'जागा. चोवीस. जमिनीवर.' सायलीने दुसरं यंत्र ठेवलं. मग तिसरं. मग वही काढून एक शब्द लिहिला.

"झालं का?" भागीबाईंनी विचारलं.

"झालं," सायली म्हणाली.

"मग आता दळण आणा."