निवडलेले मणी

त्या नर्सरीच्या मोठ्या मॅडमचा मला आजही राग येतो. लेक आता मोठी झाली, तरी येतो.

तेव्हा आम्ही साताऱ्याहून बदली होऊन जयपूरला आलो होतो. नवरा विमा कंपनीत अधिकारी, प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचा फ्लॅट आणि साडेतीन वर्षांची लेक. आजूबाजूला जो तो आपलं पोर कुठल्या ना कुठल्या ट्यूशनला कोंबत होता. मी नाही कोंबलं. माझी पोरगी दिवसभर माझ्या मागेमागे. मटार सोलताना दाणे मोजायची, बाबांच्या मोज्यांच्या जोड्या लावायची, मी तांदूळ निवडायला बसले की ताट स्वतःकडे ओढायची. खडा सापडला की "मिळाला!" म्हणून अशी किंचाळायची की खालच्या भाभीजी वर बघायच्या. याला मी शिकणं म्हणते.

नवऱ्याला मात्र एकच ध्यास, त्याच नर्सरीत ॲडमिशन. साहेबांची मुलं तिथे जायची ना!

मुलाखतीला मॅडमनं लेकीपुढे लाल-पिवळ्या मण्यांची ताटली सरकवली. "बेटा, अलग अलग करो." पोरीनं बाह्या वर केल्या, मणी पसरले आणि एकेक निरखायला लागली. फुटका मणी बाजूला. भोक बुजलेला बाजूला. कुठून तरी आलेला दोऱ्याचा तुकडाही बाजूला. मग ताटली मॅडमकडे ढकलून म्हणाली, "झालं!" काय ऐट होती चेहऱ्यावर!

"बच्ची को रंग नहीं आते," मॅडम म्हणाली.

"येतात हो, मतलब, आते हैं," मी म्हटलं. "तिनं निवडून दिलेत. खराब मणी काढले."

"ये स्कूल है जी, आपका किचन नहीं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवऱ्यानं टेबलाखालून माझा पाय दाबला आणि शेपूट घातलं. "सॉरी मैडम, घर में इनका यही चलता है. हम ट्यूशन लगा देंगे." इनका म्हणे! जसं काही मी त्याच्या घरी भाड्यानं राहत होते.

घरी कडाक्याचं भांडण झालं. "तुझ्या भातुकलीपायी पोरीचं वाटोळं होईल," तो म्हणाला. मीही काही कमी बोलले नाही. पण मॅडमनं पुन्हा एकदा बोलावलं होतं, आणि ती संधी माझ्यामुळे गेली असं मला आयुष्यभर ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पोरगी शेजारच्या ब्लॉकमधल्या ट्यूशनला. दुपारभर तक्ता, छडी आणि घोकंपट्टी. घरी आली की पाढा म्हटल्यासारखे रंग म्हणायची. माझ्याजवळ येऊन बसली तर नवरा तिला उठवायचा, "चल, ते मम्मीचं काम आहे."

दुसऱ्या मुलाखतीत तिनं लाल इकडे, पिवळे तिकडे असे झटक्यात केले. फुटके मणीसुद्धा त्यातच. मॅडमची कळी खुलली.

"वेरी गुड! किसने सिखाया?"

"ट्यूशनवाली मैडम ने."

"और मम्मी क्या सिखाती है?"

"मम्मी को कुछ नहीं आता," माझी लेक म्हणाली. "मम्मी तो बस काम करती है."

मॅडम हसली. नवरा तर तिच्याहून मोठ्यानं हसला. ॲडमिशन झाली.