न पाहिलेला देव

खालापूरच्या डोंगरावरच्या त्या पुरातन देवळापाशी पाणी नाही. देवाच्या अंघोळीचं पाणी एक आदिवासी ठाकरीण खालच्या झऱ्यावरून रोज डोक्यावर वाहून आणायची. शेवटच्या पायरीवर हंडा ठेवून बाजूला व्हायची. पुजारी त्यात तुळशीचं पान टाकायचे, की पाणी शुद्ध! तिला मात्र त्या पायरीपुढे मज्जाव.

वडिलांबरोबर मी वर पोचलो तेव्हा हंडा ठेवून ती तिथंच टेकली होती. मला म्हणाली, "दादा, आत जाताव तर बगून सांगा, देव दिसतो कसा. बारा वर्सं पानी घालतेय, तोंड नाय बगितलं."

मी त्याच पायरीवर बसलो.

वडील दारातून ओरडले, "मंदिरप्रवेशाची पत्रकं वाचून शिंगं फुटली का रे? चल आत!"

"ही आली तर येतो."

पुजाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. ती मात्र हसली. "तुमी बी येडंच की! आता मला सांगंल कोन?"

मी ओंजळ पुढे केली. ती क्षणभर घुटमळली, मग तिनं हंडा कलता केला आणि सगळ्यांदेखत मी ते पाणी प्यालो.

उतरताना वडील माझ्यापासून चार पावलं लांबून चालले. तो देव मी अजून पाहिलेला नाही. तिच्याआधी पाहणारही नाही.