दारातून न निघालेला डोंगर

दामू गेल्याची बातमी आली तेव्हा मी लोणावळा स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात एक किस्सा रंगवून सांगत होतो. शाळेचा शिपाई कानाशी वाकला. "दामूमास्तर गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत." मी मान डोलावली आणि किस्सा पुढे नेला. सगळे आवाज, सगळे हातवारे जागच्या जागी पडले, शेवटी हशाही आला. मग मी चहा संपवला... काही आठवडे झाले त्याला. अजून मी त्या बाकावरून उठलोय असं वाटत नाही.

दामू शाळेत चित्रकला शिकवायचा आणि हवा खायला बंगल्यांवर येणाऱ्या मुंबईकरांना हातभर लांबीचे देखावे विकायचा. धबधबा, ढग, कडेला एक गाय. "गाय असली की देखावा पटकन जातो," म्हणायचा. एका गृहस्थांनी दोन गाई मागितल्या आणि दामूचं बिनसलं. आधी गाई गेल्या, मग झाडं गेली, मग डोंगराची कडही गेली. उरला एक काळा पट्टा आणि त्यातून उतरणारा पांढरा ओघळ.

"दामू, हा डोंगर की तवा?" मी विचारलं.

"तवाच म्हण. तापलाय का तेवढं सांग."

सरूवहिनी, त्याची बायको, जवळच्या बेडसे गावची. एकदा त्या भाड्याच्या खोलीची भिंत लिंपत होत्या. ओल्या मातीत त्यांच्या बोटांच्या कमानी उमटत होत्या, त्यावर तिरपं ऊन पडलं होतं, आणि हा शाळा विसरून बघत बसला. लगेच पाटीएवढी फळी आणून त्यांच्याकडून त्यावर माती थापून घेतली. रंग दिला. मला दाखवलं. मी म्हटलं, "गोवरी झकास झालीय." वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "हात फिरायला जागा तरी हाय का हितं? पाटीवर कुटं डोंगर मावतोय व्हय?"

दामू हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने खोलीतच जवळजवळ भिंतीएवढी लाकडी चौकट ठोकली, तिच्यावर गोणपाट ताणलं आणि वहिनींचा हात खांद्यापासून पुरा फिरेल एवढी जागा करून दिली. माती, भाताचं तूस, सरस. वाळल्यावर काजळी, गेरू, थोडी नीळ. जवळ जाऊन बघितलं तर नुसता चिखल.

"जवळून चिखलच दिसणार," दामू म्हणाला. "मागे हो."

मी मागे झालो.

"अजून."

उंबऱ्याला टाच अडकली आणि मी अंगणात वाळत घातलेल्या भांड्यांवर धाडकन आदळलो. तिथून, उताणा पडल्यापडल्या, मला दारातून तो दिसला. रेघ एकही नव्हती, पण बोटांच्या कमानींचा उतार झाला होता, तूस ओल्या गवतासारखं चमकत होतं आणि काळा भाग अंगावर येत होता. मी पडलेलाच राहिलो.

"दिसला!" दामूने टाळी वाजवली. "पडल्याशिवाय कुणाला दिसत नाही बघ."

मग कळलं, चौकट दारातून निघत नाही. आडवी केली, तिरपी केली. गुंडाळावं तर माती तडकणार. मुलांना मापं काढायला शिकवणाऱ्या मास्तरांनी दाराचंच माप घेतलं नव्हतं! महिनाभर मी ही गोष्ट गावभर सांगितली, दामूच्या देखत, त्याच्या आवाजात. तोही हसायचा. एकदाच म्हणाला, "शेताच्या पलीकडून बघायचं होतं रे एकदा. खोलीत जागा संपते."

ते राहून गेलं.

तेरावा झाल्यावर घरमालक शेठ आले. त्यांना खोली गुळाच्या ढेपा ठेवायला हवी होती. माणूस वाईट नाही, इतके दिवस थांबले होते. सोबत सुतार होता, करवत घेऊन. चित्राचे दोन तुकडे केले की दारातून निघेल, असा हिशेब. वहिनी चौकटीपुढे उभ्या राहिल्या.

"कापायचं न्हाई. भित फोडा."

"बाई, भिंत माझी आहे."

"तुमचीच हाय. म्या लिंपून देते परत. आदी बी म्याच लिंपलीया."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी काहीतरी मजेदार बोलून निभावून नेतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. "फोडा, शेठ," एवढंच म्हणालो.

मातीची भिंत, दुपारपर्यंत उतरली. आम्ही चित्र उचलून भात कापलेल्या शेतात उभं केलं. वहिनींनी चौकट धरली. "भावजी, तुमी मागं सरा. त्यांना बगायचं व्हतं न्हवं तितनं."

मी मागे गेलो. बांध ओलांडला.

"अजून!" त्या ओरडल्या.

तूस विरलं, कमानी विरल्या, चित्र लहान होत हातभर देखाव्याएवढं झालं, आणि तरीही त्यात डोंगर होता. ते मला कळत होतं. कळण्यापलीकडे काही होत नव्हतं.

"दिसला का?"

"दिसला," मी म्हणालो. या वेळी मी पडलो नव्हतो.

चित्र बैलगाडीतून बेडशाला गेलं, वहिनींच्या भावाच्या गोठ्यात. आधी वहिनींनी भिंत लिंपून दिली. आता त्या खोलीत गूळ आहे. स्टेशनाकडे जाताना मी आत शिरतो. ढेपांच्या वर, ओलसर मातीत, बोटांच्या कमानी आहेत. शेठ विचारतात, "रोज काय बघता?" मी भिंतीपासून मागे मागे सरतो. टाच उंबऱ्याला लागते... 'अजून' म्हणायला कुणी नाही, म्हणून तिथेच उभा राहतो.