होडीचा उंबरा

उंबऱ्यावर पाय देऊ नये, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. बऱ्याच वर्षांनी गावी आल्यावर शेजारच्या काकींच्या घरात शिरताना मी सवयीने पाय उचलला, तर त्या कडाडल्या, "ओलांडतेस काय? पाय दे त्याच्यावर!"

त्यांच्या दारात होडीच्या तळाचा जाड वासा उंबरा म्हणून बसवलाय. वादळात काका समुद्रातच राहिले आणि होडी तेवढी रिकामी किनाऱ्याला लागली. "माझ्या माणसाला टाकून एकटी आली," म्हणत काकींनी ती फोडायला लावली. तिच्या फळ्यांची दारं झाली, छपरालाही तिचंच लाकूड लागलं. शहरातले पाहुणे जुन्या लाकडाचं कौतुक करतात, फोटो काढतात. नारळी पौर्णिमेला जिला काकी हळदकुंकू वाहायच्या, तिला आता येता-जाता टाच मारतात.

समुद्राच्या छातीवर पाय कसा देणार? त्याने किनाऱ्यावर जे सोडलं, तेवढंच माणसाच्या हाती लागतं. मग सगळा राग त्या हाती लागलेल्यावरच निघतो.

मी खाली पाहिलं. लाकूड मधोमध खोलगट झालं होतं.

"काकी, झिजला की हो उंबरा."

"झिजू दे," त्या म्हणाल्या. "हा संपला की बसवायला डोलकाठी ठेवलीय जपून."