पटवेगार चाचांचे आठ पट्टे

एकच गोष्ट दोनदा सारखी करायची नाही, अशी शपथ घेऊन जन्माला आलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे कोल्हापुरात आमच्या समोरच्या घरात राहणारे पटवेगार चाचा. महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. मी तेव्हा पागेच्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो आणि चाचा सुताचे, रेशमाचे पट्टे विणत: कमरेचे, तलवारीचे, घोड्याच्या छातीवरचे. माणूस गुणी, पण फेटा रोज निराळ्या तऱ्हेनं बांधणार. त्यामुळे दारची शेळी रोज त्यांना नव्यानं ओळखायची आणि ओळख पटेपर्यंत शिंगं रोखून उभी राहायची. मंडईला जायचे एका वाटेनं, यायचे दुसऱ्या. एकदा रंकाळ्याला वळसा घालून आले, तेव्हा पिशवीतल्या मेथीचं वाळवण झालं होतं. स्वतःच्या लग्नाची हकिगत त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल. कधी तीत वरातीचं घोडं बुजायचं, कधी सासरा रुसायचा. "चाचा, परवा तर घोडं बुजलं म्हणालात," असं मी म्हटलं की शांतपणे म्हणत, "ते परवाचं लगीन. आजचं ऐका की."

त्यांच्या विणकामाला माग लागत नसे. तळहातावर मावतील अशा चामड्याच्या चौकोनी चकत्या, चारी कोपऱ्यांना चार भोकं, प्रत्येक भोकातून एक दोरा. दोऱ्यांचं एक टोक घरातल्या खांबाला, दुसरं चाचांच्या कमरेला. चकत्यांचा गठ्ठा पाव फेरा फिरवला की दोरे खालीवर होऊन मधे वाट पडे. तिच्यातून आडवा दोरा घालायचा, लाकडी पट्टीनं ठोकायचा आणि पुन्हा पाव फेरा. चकत्या पुढे फिरवल्या तर नक्षी एका अंगाला कलते, मागे फिरवल्या तर दुसऱ्या. चाचांचं घोडं पेंड खायचं ते इथंच. चार बोटं विणून झाली की त्यांना वाटे, ही तिसरी चकती तेवढी उलटी फिरवली तर? आणि एकदा वाटलं की फिरवल्याशिवाय चैन पडत नसे. चामडं कमी पडलं तेव्हा माझा कोरा करकरीत पत्त्यांचा जोड 'बघून देतो' म्हणून घेऊन गेले. परत आला तो बावन्न पानांना दोनशे आठ भोकं घेऊन. "राजाला, राणीला, दुरीला, सगळ्यास्नी सारखी पाडल्यात," चाचा म्हणाले. "दुजाभाव केला न्हाय." गल्लीतून सरकारी हत्ती चालला की हातातलं काम टाकून बघायला धावत. आपण बांधलेले आहोत हे खांबाच्या लक्षात असे, चाचांच्या नसे. उंबऱ्यापाशी हिसका बसला की मागल्या मागं येऊन चाचीच्या पुढ्यात बसत.

अशा माणसाचं नाव मी आमच्या पागेच्या दारोगासाहेबांना सुचवलं, हा माझा नवखेपणा. दसऱ्याच्या स्वारीसाठी पागेला आठ घोड्यांचे एकसारखे छातीपट्टे हवे होते. चाचा ते घेऊन आले आणि दारोग्यांनी सतरंजीवर ओळीनं मांडले. पहिल्यावर बाण होते, दुसऱ्यावर लाटा, तिसऱ्यावर शंकरपाळ्या. आठव्यावर जे होतं त्याचं बारसं अजून व्हायचं होतं.

"एकसारखे सांगितलं हुतं," दारोगा म्हणाले.

"एकसारखेच हाईत की," चाचा म्हणाले. "त्याच चकत्या, तेच दोरे, तीच ओवणी. निस्तं फिरवण्यात फरक हाय."

"घोड्याच्या छातीवर मला ओवणी दिसणार हाय व्हय?" दारोगा गरजले आणि माझ्याकडे वळले. "कारकून, दसऱ्याला वीस दिवस हाईत. पट्टे एकसारखे आले न्हाईत, तर तुम्हीबी येऊ नका."

माझ्यापेक्षा चाचांनाच ते जास्त लागलं. "तुमच्या भाकरीचा सवाल हाय. आता डोळं मिटून विणतो," म्हणाले आणि खरोखरच डोळे मिटून बसले. एक पट्टा बाणांचा झाला. दुसराही हुबेहूब बाणांचाच. मी गल्लीत साखर वाटायच्या बेतात होतो. तिसऱ्याला मात्र शेवटच्या वितीत बोटांनी दगा दिला आणि बाणांच्या जागी एक फूल उमटलं. इतकं देखणं, की मीही क्षणभर नोकरी विसरलो.

"म्या न्हाय केलं हो," चाचा कपाळाला हात लावून म्हणाले. "ते आपसूक आलं."

तेवढ्यात चाची आतून आली. बांगड्या मागे सारल्या, चाचांच्या कमरेचे दोरे सोडून आपल्या कमरेला बांधले आणि म्हणाली, "सरका तिकडं. पावण्यागत गप बसा." लग्नाआधी बापाच्या घरी ती हेच काम करत होती. वीसच्या वीस हकिगतींत चाचांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

तिचा हात पुढे-मागे मुकाट चाले. चाचा शेजारी बसून तळमळत.

"आता एक उलटी फिरव की गं. एकच!"

"न्हाय."

"कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

चाचांचे दोन आणि चाचीचे सहा, असे आठ पट्टे दोन दिवस आधीच पागेत पोचले. दारोग्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले, खोड सापडेना म्हणून खोकले आणि मला कामाला लावलं. दसऱ्याला घोडी समोरून गेली तेव्हा चाचा गर्दीत ओरडत होते, "सहा हिचे! त्यातले सहा हिचे!" आणि चाची पदर तोंडाशी धरून त्यांना मागे ओढत होती.

पुढे काही वर्षांनी तापाच्या साथीत चाची गेली. बरेच दिवस मला त्या घरी जाववेना. शेवटी गेलो, तर चाचा खांबाला दोरे बांधून विणत बसले होते. त्यांना जरा बोलतं करावं म्हणून मी विचारलं, "आज काय नवीन, चाचा?"

"नवीन काय न्हाय. तिचंच करतोय."

पागेच्या पट्ट्यांतून उरलेला चाचीच्या हातचा वीतभर तुकडा त्यांनी मांडीवर घेतला आणि आपलं विणलेलं त्याच्या शेजारी धरलं. तेच बाण, तेच रंग. मला तर दोन्ही एकच दिसले. तसं मी म्हटलंसुद्धा.

चाचांनी तिच्या बाणांवरून बोट फिरवलं, मग आपल्या. "न्हाय हो, कारकून," ते म्हणाले. "तिचा हात निराळा हुता."

आणि चकत्या उलट्या फिरवत, एकेक आडवा दोरा काढत, सकाळपासून विणलेलं ते उसवू लागले.