मिस्त्रींनी नापास केलेली गाडी

जुनी गाडी विकणारा चोर आणि घेणारा गाढव, असं मिस्त्रींचं ठाम मत होतं. चाळीस वर्षं त्यांनी ठोकाठोकी करून गाड्यांचे पत्रे सरळ केले होते. आता लोक त्यांना जुन्या गाड्या तपासायला नेत आणि मिस्त्री सगळ्यांची फुकटात लाज काढत. कुणी हॉर्न वाजवून बघितला की म्हणत, "हॉर्नवर बसून जाणार का कामाला?" बॉनेट गरम लागलं तर आल्या पावली परत. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणाऱ्याचं तोंडही त्यांना बघायचं नसे.

त्या सकाळी मात्र गिऱ्हाईक त्यांची लेकच होती. नवी नोकरी हायवेने तासाभरावर, पाळणाघर तिथेच. म्हणजे दोन वर्षांची नात रोज मागच्या सीटवर. लेकीने डिकीवाली छोटी पांढरी गाडी हेरली होती. मालक निवृत्त मास्तर, इस्त्रीचा शर्ट घालून, पावत्यांची फाईल काखेत धरून उभे. 'बावळट,' मिस्त्रींनी मनात निकाल देऊन टाकला.

इंजिन गार होतं. एका झटक्यात सुरू झालं, धूर नाही, खडखड नाही. नाक मुरडायला जागा मिळेना तसे मिस्त्री चिडले आणि त्यांनी मागच्या दाराचं रबर ओढून काढलं. खालच्या पट्टीवर वेल्डिंगचे ठिपके ओळीने, अगदी कारखान्यातल्यासारखे. त्यांनी अंगठा फिरवला. ठिपक्यांखाली जोड होता. अपघातात चेपलेल्या गाडीला दुसरीचा मागचा भाग कापून लावलेला. जोड लपवायला असे ठिपके पाडणारा हात पंचक्रोशीत एकच होता.

"ही नको," ते उठत म्हणाले.

"का?"

"नको म्हटलं ना!"

"बाबा, कारण न सांगता तुम्ही आजवर एक तरी गाडी नापास केलीय का?"

"दोन गाड्यांची एक केलीय. मागून कुणी धडकलं तर जोड सुटेल."

मास्तरांचा चेहरा उतरला. "कोण हो असं करतं?"

असल्या कारागिरांसाठी मिस्त्रींच्या जिभेवर शिव्या कायम तयार असत. आज एकही बाहेर येईना. लेक त्यांच्याकडेच बघत होती. त्यांना स्वतःची किळस आली.

"मी केलंय," ते म्हणाले.

मास्तरांनी फाईल हळूच टपावर ठेवली.

"सात वर्षं हिच्यातनं मी नातवंडांना शाळेत सोडतोय हो."