न जन्मलेल्यांची सव्वा मूठ

आमच्या घरी श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मोजतात ते मुठीनं. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. बायकांची मूठ नसते. का नसते, हे मी लग्न होऊन भडगावला आले त्या पहिल्याच श्रावणात विचारलं होतं, आणि सासूबाईंनी असं काही बघितलं की पुन्हा म्हणून विचारलं नाही. दुसरी रीत अशी, की एकदा मोजलेला दाणा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. रोट घरच्यांनीच खायचा, चुरासुद्धा घरातच संपवायचा. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही त्यातला तुकडा मिळत नाही. हे सगळं मला माझ्या जेठाणीनं, थोरल्या जावेनं शिकवलं. तिला आम्ही अक्का म्हणतो. सासूबाई गेल्यापासून कानबाईचा सगळा कारभार तिच्याकडे आहे.

आम्ही नवरा-बायको धुळ्याला असतो. मी तिथे ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. पण देवी बसते ती भडगावच्या घरी, त्यामुळे आदल्या दिवशी, शनिवारी, पिशव्या भरून बसमध्ये बसायचंच. नाही गेलं तर वर्षभर टोमणे ऐकायची तयारी ठेवायची.

या वर्षीही गेलो. स्वयंपाकघरात सुपात गहू, शेजारी परात. अक्काचे गुडघे धरलेत, म्हणून ती पाटावर बसून नावं सांगत होती आणि तिची सून मुठी टाकत होती. सुनेचं माहेर मेहरूणचं. बोलकी आहे, पोटात काही ठेवत नाही. आबांची, म्हणजे माझ्या जेठांची मूठ झाली. माझ्या नवऱ्याची झाली. पुतण्याची झाली, त्याच्या रांगत्या बाळाची झाली. मला वाटलं संपलं. मी परात उचलायला वाकले, तर सुनेनं आणखी दोघांच्या मुठी टाकल्या.

"या कोणाच्या गं?"

"नाशिकला ठेवलेत ना काकू, त्या दोघांच्या," ती म्हणाली. "अक्का म्हणतात, तेही घरचेच."

मला खरंच उमगेना. नाशिकला आमचं कोण राहतं? मग ती सांगत सुटली. बाळ टेस्ट ट्यूबचं. तिच्या आणि पुतण्याच्या, दोघांच्याही रक्तात थॅलेसेमियाचा अंश निघाला. म्हणून नाशिकच्या डॉक्टरांनी गर्भ बाहेर तयार केले, एकेक तपासला, आजाराचे बाजूला काढले आणि चांगल्यांतला एक तिच्या पोटात ठेवला. उरलेले दोन तिथे गोठवून ठेवलेत, पुढेमागे लागले तर. "तुम्हाला माहीतच असेल म्हणा, तुमचा तर विषयच आहे."

कशाचं माहीत? मला सांगितलं होतं की कानबाईला नवस बोलले आणि पोर झालं. बारशाला मी घसा बसेपर्यंत गाणी म्हटली होती.

अक्का मात्र सुपातले खडे निवडायला लागली. त्या गव्हात एकही खडा नव्हता, मी स्वतः पाखडले होते.

माझा मुलगा थॅलेसेमियानं गेला. शाळेत जायला लागला होता. दर महिन्याला त्याला रक्त चढवायला न्यायचं, सुई टोचायला शीर सापडायची नाही, आणि तो मलाच म्हणायचा, आई तू तिकडे बघ. तो गेला त्या श्रावणात अक्कानं त्याची मूठ गाळली. "गयेलासनी मूठ लेतस नई, माय," असं म्हणून तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं इतकं तिनं तेव्हा केलं. ते मी नाकारत नाही, आणि म्हणूनच तर हे जास्त लागलं.

त्यानंतर आम्हाला दुसरं मूल हवं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, भीती दर वेळी तेवढीच आहे, पण तिसऱ्या महिन्यात तपासणी करता येते. दोष निघाला तर थांबायचं, नाहीतर पुढे जायचं. मी तयार होते, नवराही तयार होता. अक्काला कळलं. तिनं मला देवीपुढे बसवलं, माझा हात धरून कानबाईच्या नारळावर ठेवला आणि म्हणाली, "देवीना कामम्हा हात घालानं नई." पोर ठेवायचं की नाही हे ठरवणारी तू कोण, असंही म्हणाली. तपासणी करणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. आबा दारात उभे, नवरा मान खाली घालून. मी घेतली शपथ. आणि तपासणीशिवाय आणखी एक पोर त्या सुईखाली द्यायची माझी छाती झाली नाही. आमचं घर तिथेच थांबलं.

वर्गात मी दर वर्षी हा धडा शिकवते. ज्यांच्या रक्तात हा दोष थोडासाच असतो ते एकेकाळी मलेरियातून तगले, म्हणून निसर्गानं तो पिढ्यान्‌पिढ्या जपला. माणूस अजून घडतोच आहे, पण यापुढे तो निसर्गाची वाट बघणार नाही, काय ठेवायचं नि काय गाळायचं ते स्वतः निवडेल. मागे एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग देवाला काम काय उरेल?" मी तिला ऐटीत सांगितलं, देवही बदलतात, पण माणसापेक्षा फार हळू; तुमच्या नातवंडांच्या वेळेला बघा. चुकीचं सांगितलं मी तिला. देव नऊ महिन्यांत बदलतो. घर कुणाचं आहे तेवढं बघतो.

"अक्का," मी म्हणाले, "देवीच्या कामात हात घालायचा नसतो ना?"

"डागतरले बुद्धी कोनी दिधी? देवीनीच दिधी." खडे निवडणं चालूच.

"मग माझ्या डॉक्टरला कोणी दिली होती?"

"तवयनी गोट येगळी व्हती."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. बाळावर माझा राग नाही. त्याच्या हातावर सुयांचे डाग नाहीत, हे बघून मला बरंच वाटतं. पण हिनं केसानं गळा कापला माझा. त्या गोठवलेल्या दोघांत मुलगा की मुलगी, हे कुणालाच माहीत नाही, सांगणं गुन्हा आहे. तरी हिनं त्यांना पुरुष धरून गहूसुद्धा मोजले. ज्यांना अजून पोट नाही त्यांच्यासाठी रोट.

मी सुपात हात घातला. सव्वा मूठ घेतली आणि परातीत टाकली.

"ही कोणाची, काकू?" सुनेनं विचारलं.

"माझ्या धाकट्याची. जन्मला नाही म्हणून काय झालं? नाशिकचे तरी कुठे जन्मलेत."

सून एकदा माझ्याकडे, एकदा सासूकडे बघायला लागली. अक्कानं परात आपल्याकडे ओढून घेतली. तिनं मान्य केलं असंच मी धरलं. खरं सांगते, तेवढ्यानं माझा निम्मा राग उतरला.

रविवारी देवी बसली. मी पुरण वाटलं, गंगाफळाची भाजी केली, रोट खाल्ला. खाताना मनात धाकट्याचा घास वेगळा काढला. सोमवारी वाजतगाजत गिरणा नदीवर जाऊन कानबाईचं विसर्जन केलं आणि आम्ही निघालो. सून स्टँडपर्यंत पोचवायला आली. बस लागली तेव्हा तिनं माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली. "अक्कांनी दिलीय. शनिवारीच काढून ठेवली होती. म्हणाल्या, काकूंचे गहू आहेत, काकूंना दे." तिला बिचारीला यात काही वावगं वाटलं नव्हतं.

बसमध्ये मी गाठ सोडून पाहिली. सव्वा मूठच होती, एक दाणा कमी नाही.

"काय आहे?" नवऱ्यानं विचारलं. मी पुरचुंडी त्याच्यापुढे धरली आणि ही मूठ मी कोणाच्या नावानं टाकली होती ते सांगितलं. तो त्याच घरात वाढलेला. मोजलेला दाणा बाहेर दिला म्हणजे ज्याच्या नावाचा तो, त्याला घरचा धरलं नाही, हे त्याला मी वेगळं सांगायची गरज नव्हती.

"मोजून झाल्यावर काढले?" त्यानं विचारलं.

"मोजून झाल्यावर."

त्यानं पुरचुंडी माझ्या हातातून घेतली, गाठ पुन्हा घट्ट बांधली, आणि धुळं येईपर्यंत मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली.